दहा गाई की चार? राजापूरच्या एका वाडीचा हिशेब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर आहे. त्यात ८० हापूसची कलमे, दीडशे काजू, पंधरा माड, वीस गुंठे भाताचे खाचर आणि वरच्या अंगाला कातळ. मुंबईची नोकरी सोडून गावी यायचे, दहा संकरित गाई बांधायच्या, शेणाचा गॅस करायचा, त्यातून उरलेली पातळ स्लरी कलमांना, कलमांखालचे गवत गाईंना, दूध बाजारात, काहीच वाया जायचे नाही, असा बेत आहे. सोबत दोन शंका आहेत. गाईच्या ढेकरातून मिथेन जातो, मग पर्यावरणाच्या नावाने गुरे पाळणे हे ढोंग होईल का? आणि गावी काकींकडे दोन गावठी गाई आहेत, त्या विकून टाकाव्यात का?

मी पशुवैद्यक. तेहतीस वर्षे रत्नागिरी-सिंधुदुर्गात नोकरी झाली, आता लांज्याजवळ स्वतःची लहानशी वाडी बघतो. काकींच्या गाईंचे शेवटी बोलू, कारण त्यांचे उत्तर बाकीच्या हिशेबातून येते.

तुम्ही आकडा दुधापासून काढला आहे. दहा गाई, रोजचे इतके लिटर, महिन्याचे इतके रुपये. शेण, गॅस, खत हे त्याला मागाहून जोडले. मी उलट्या टोकाने सुरुवात करेन. वाडीला दरवर्षी किती खत लागते आणि वाडीत माणसाने न खाण्यासारखे किती उगवते, हे दोन आकडे आधी काढा. त्यांच्या मध्ये जेवढी गुरे बसतील तेवढीच ठेवा. दूध मिळेल तेवढे मिळेल. हे ऐकायला आतबट्ट्याचे वाटते, पण कोकणात मी जे गोठे मोडताना पाहिले त्यातले बहुतेक दुधाच्या आकड्यावर उभे केलेले होते.

आता खताची गरज. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस पूर्ण वाढलेल्या हापूसच्या कलमाला वर्षाला ५० किलो शेणखताची आहे, रासायनिक खत वेगळे. ८० कलमांना चार टन झाले. काजूला मी माझ्या वाडीत झाडामागे वीसेक किलो घालतो, म्हणजे दीडशेला तीन टन. माड आणि खाचर मिळून एक टन धरा. तुमची वाडी वर्षाला आठ टन कुजलेले खत पचवू शकते. शेण कुजताना पाणी उडते, कार्बन उडतो, वजन साधारण निम्म्यावर येते. म्हणजे सोळा टन ताजे शेण हवे.

चारशे किलोची संकरित गाय दिवसाला वीस किलोच्या वर शेण टाकते. दहा गाई म्हणजे दिवसाला दोनशे किलो, वर्षाला त्र्याहत्तर टन. गरज सोळाची आणि येणार त्र्याहत्तर. उरलेले सत्तावन्न टन कुठे जाणार? तुम्ही म्हणाल, विकू. आंबा बागायतदार शेणखत विकत घेतात हे खरे आहे, पण घेतात ते पाऊस संपल्यावर किंवा मे महिन्यात. जून ते सप्टेंबर ते शेण तुमच्याच दारात राहणार, आणि त्या चार महिन्यांत आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असतानाच, २००९ साली, मी वाडीत पाच संकरित गाई बांधल्या. लोकांना सल्ले देतो तर स्वतः करून दाखवू, अशी हौस होती. शेणाचा खड्डा खोदला, वर छप्पर घालायचे पुढच्या वर्षावर टाकले. जुलैत एका आठवड्यात खड्डा काठोकाठ भरला आणि चहाच्या रंगाचे पाणी उताराने पऱ्याकडे (ओढ्याकडे) निघाले. मी ते रोज बघत होतो आणि पावसाचेच पाणी म्हणून सोडून देत होतो. एके दिवशी रात्री जेवताना खालच्या घरचे शेजारी आले. हातात त्यांच्या विहिरीच्या पाण्याची बादली. ती पडवीत ठेवली आणि एवढेच म्हणाले, "डॉक्टर, जरा वास घेऊन बघा." मी वास घेतला. वर्षभर मी ज्याला सोने म्हणत होतो ते त्यांच्या विहिरीत गेले होते. पुढे दीड महिना त्यांना पाणी आमच्या विहिरीवरून भरावे लागले. ते गृहस्थ आजही बोलतात माझ्याशी, पण बादलीचा विषय दोघेही काढत नाही.

आता दुसरे टोक, चारा. वीस गुंठ्यांत भाताचा पेंढा चांगल्या वर्षी हजारेक किलो निघतो. दहा संकरित गाईंना रोज प्रत्येकी सहा किलो सुका चारा धरला तरी वर्षाला बावीस टन लागतो. तुमचा पेंढा त्यांना सतरा दिवस पुरेल. हिरवा चारा वेगळा, आंबोण (पेंड-कोंड्याचे खाद्य) वेगळे. कलमांखालचे गवत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत असते, मग वाळते. म्हणजे वैरण घाटावरून येणार, पेंड आणि सुग्रास पशुखाद्य घाटावरून येणार. ज्याला तुम्ही चक्र म्हणता ती सरळ एक नळी झाली: कोल्हापूरकडच्या शेतातले नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) ट्रकने घाट उतरते, तुमच्या गाईच्या पोटातून जाते आणि पऱ्याने समुद्राला मिळते. तिकडची जमीन तेवढी रिती होते आणि इकडचे पाणी नासते.

नळी मध्येच तुटते ते वेगळेच. त्याच माझ्या जुलैत घाटात दरड आली. वैरणीची गाडी पाच दिवस पलीकडे अडकली. घरात शेंगदाणा पेंडीची चार पोती होती, दमट हवेत आतून बुरशी धरलेली. मी पशुवैद्यक असून त्यातली दोन पोती खायला घातली, कारण दुसरे काही नव्हते. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृताला बाधते आणि दुधातही उतरते, हे मी तोपर्यंत शेकडो लोकांना सांगितले होते. दोन गाईंचे दूध निम्म्यावर आले, ते परत चढले नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाचही विकल्या.

संकरित गाई वाईट असतात असे नाही. घाटावर, जिथे ऊस आहे, मका आहे, कोरडी हवा आहे, तिथे त्यांचे गणित बसते. आपल्याकडे एप्रिल-मेची दमट उष्णता त्यांना सोसत नाही. त्या धापा टाकतात, खाणे कमी करतात, गाभण राहत नाहीत. गोचिडांमुळे थायलेरियाचा ताप येतो, तो गावठी गाय अंगावर काढते आणि संकरित गाय अनेकदा त्यात जाते. ज्यांच्याकडे बारमाही पाणी, दोन-तीन एकर फक्त नेपियरसारख्या गवताला आणि पहाटे पाचला धार काढणारे घरचे माणूस आहे, असे काही जण कोकणातही चांगला धंदा करतात. तुमच्या प्रश्नात पाण्याचा उल्लेख नाही. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, हे तुम्हीच जाणता. बारमाही पाणी असेल तर माझा आकडा थोडा वर जाईल, तरी दहापर्यंत नाही.

मग तुमच्या जागेत काय बसते? कोकण कपिला. आपलीच गावठी गाय, विद्यापीठाने तिच्या नोंदी केल्या आणि काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून तिची नोंद झाली. लहान चणीची, अडीचशे किलोच्या आसपास, कातळावर, डोंगर-उतारावर चरणारी, पावसात भिजून न आजारणारी. दूध दोन लिटर दिले तरी चांगले म्हणायचे. जून ते डिसेंबर ती बहुतेक बाहेर चरून निभावते. उरलेले पाच महिने रोज पाच किलो सुके, म्हणजे साडेसातशे किलो. तुमच्या पेंढ्यात एक गाय आणि थोडे वर. कातळावरचे गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापून, वाळवून, उडवी (गंजी) रचलीत तर आणखी तीन. चार झाल्या. यावर पाचवी घ्यायची तर आधी पाचवीचा चारा दाखवा, मग गाय.

चार गाई दिवसा चरतात, रात्री गोठ्यात असतात. हाती लागते रात्रीचे शेण, प्रत्येकी पाच-सहा किलो. वर्षाला आठ टन ताजे. सोळा हवे होते, अर्धेच मिळाले. उरलेले अर्धे आपल्या आज्या-पणज्या जिथून आणत होत्या तिथूनच आणायचे: पातेरा. आंबा, काजू, ऐन, किंजळ यांचा पालापाचोळा फेब्रुवारीपासून गोळा करून मांगरात (वाडीतल्या खोपीत) भरून ठेवायचा आणि पावसाळाभर गोठ्यात गुरांखाली पसरायचा. जुन्या गोठ्यांत हे रोज होत असे. आता लोकांनी गोठ्याला सिमेंटचा कोबा केला, पाण्याने धुवायला लागले, आणि पातेरा बागेतच पेटवून देतात.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते. गुराने खाल्लेल्या नत्रापैकी जवळजवळ निम्मे नत्र मुतातून बाहेर पडते, पालाशाचा (पोटॅशचा) तर बराच मोठा भाग. शेण सगळे उचलतात, मूत कोणी उचलत नाही. कोबा धुतला की ते मोरीने गेले, मातीची जमीन असली की मुरून गेले, उघडे राहिले की अमोनिया होऊन उडून गेले. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबतो तो वास म्हणजे तुमचा युरिया हवेत जातो आहे. सुका पातेरा ते शोषून धरतो. मी सकाळी गोठ्यात जातो, रात्रीचा थर दाताळ्याने उलटतो, हाताने चाचपतो. खालचा पाला भिजून काळा पडलेला, दाबला की गळू नये पण ओला लागावा, असा असला की बरोबर. गळत असेल तर पाला कमी पडला. त्यावर नवा सुका थर. आठवड्याने सगळे ओढून गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात. या एका सवयीने माझ्या चार जनावरांचे खत जवळपास दुप्पट झाले, आणि नुसते वजनाने नाही. दोन वर्षांत कलमांच्या आळ्यातली माती हातात धरवते, पूर्वी ती जांभ्या खड्यांसारखी निसटायची.

गायरीवर छप्पर हवेच. पत्रा नको असेल तर माडाची झापे चालतील, पण पाऊस आत येता कामा नये. भोवती हातभर उंच बांध, वरच्या अंगाला चर. छपराशिवायच्या गायरीतून सप्टेंबरमध्ये जे बाहेर काढाल त्यात चोथा उरतो, खत नाही.

आपल्या मातीला हे एवढे का लागते तेही सांगतो. जांभ्याची माती आम्ल. त्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतात, झाडाला देत नाहीत. नत्र आणि पालाश धरून ठेवायची तिची ताकद कमी, पहिल्या मुसळधार पावसात ते खाली जाते. जी काही पकड आहे ती सेंद्रिय पदार्थाची. तो आपल्या उष्ण-दमट हवेत भराभर जळतो, म्हणून दरवर्षी नव्याने घालावा लागतो. वर्षानुवर्षे गुरांनी हेच काम केले: सड्यावरचे (डोंगरमाथ्याच्या कातळमाळावरचे), डोंगरातले गवत खाऊन संध्याकाळी ते पोटात घेऊन घरी यायचे आणि रात्री गोठ्यात टाकायचे. माणसाने डोक्यावरून भारे वाहून जे केले नसते ते गुरे चालत करत होती. पॉवर टिलर आले, जोते मोडली, गुरे गेली, आणि सड्यावरून वाडीत येणारी ही वाट बंद झाली. आता सड्यावरचे गवत कोणी खात नाही, मार्चमध्ये वाळून उभे राहते, कुणाची तरी विडी पडते आणि वणवा काजूच्या बागेत शिरतो. आंबा-काजूच्या किती बागा अशा जळतात ते तुम्ही गावी गेल्यावर बघालच. तुमच्या कातळावरचे गवत चरले आणि कापले गेले तर चाराही मिळेल आणि बागेभोवती जळायला काही उरणार नाही. गुरांची ही कमाई दुधाच्या वहीत लिहिली जात नाही.

जुन्या पद्धतीचे सगळेच मला गोड वाटते असे मात्र समजू नका. तरव्याची (भाताच्या रोपांची) भाजवळ घ्या. शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला), पातेरा खाचरात पसरून जाळायचे. तण मरते, राखेने आम्लता जरा कमी होते, हे फायदे खरे. पण मुठीएवढ्या तरव्यासाठी गाडीभर खतातले नत्र धुरात जाते. मी गादीवाफ्यावर रोपे करतो आणि ते शेण वाचवतो. आमच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना ते अजून पटलेले नाही.

गॅसचे. साधारण पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर गॅस मिळतो, आणि एक घनमीटर म्हणजे सिलिंडरच्या हिशेबात चारशे-साडेचारशे ग्रॅम. तुमच्या चार गाईंचे रोजचे बावीस-तेवीस किलो शेण एक घनमीटरच्या संयंत्राला जेमतेम पुरेल. महिन्याला जवळपास एक सिलिंडर वाचेल. दोघा-तिघांचा स्वयंपाक होतो. वीज करून विकायची स्वप्ने चार गाईंवर बघू नका. गॅस करून खत कमी होते ही भीती मात्र चुकीची आहे: संयंत्रात कार्बन जातो, नत्र स्लरीत राहते, उलट झाडाला लवकर लागू होणाऱ्या रूपात येते. म्हणूनच स्लरी उन्हात उघडी ठेवू नये, लगेच पातेऱ्यात मुरवावी. जागा निवडताना पावसाळ्यात पाणी कुठवर वर येते ते बघा. खालच्या मळ्यात बांधलेल्या टाकीत बाहेरचे पाणी शिरलेले मी पाहिले आहे. सिंधुदुर्गात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. कुडाळजवळ झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गावोगाव गोबरगॅस उभे केले. बांधायच्या आधी एक दिवस काढून तिकडची चालू संयंत्रे आणि ती वापरणाऱ्या बायकांचे म्हणणे ऐकून या. संयंत्र चालते की नाही ते चुलीपाशी कळते.

आता मिथेन. तुमची शंका खोटी नाही आणि मी ती उडवून लावणार नाही. गवत पचवताना गाईच्या पोटातले जंतू मिथेन बनवतात. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या हिशेबात आपल्या उपखंडातल्या दुधाळ गाईला वर्षाला ५८ किलो आणि इतर गुरांना २७ किलो मिथेन धरले होते. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट तापवतो. म्हणजे तुमच्या एका लहान गाईमागे वर्षाला पाऊण ते दीड टन कार्बन डायऑक्साइडएवढा भार. यावर दोन गोष्टी खऱ्या आहेत. हा कार्बन गवताने हवेतूनच घेतलेला असतो आणि मिथेन साधारण बारा वर्षांत हवेत मोडतो, खनिज तेलासारखा जमिनीखालून नवा येत नाही. पण हवेत आहे तोवर तापवतोच, त्यामुळे गाईला माफी नाही. आणि लिटरमागे बघाल तर जास्त दूध देणारी संकरित गाय कमी मिथेन सोडते, हेही लपवत नाही.

मग मी चार गावठी गाईंच्या बाजूने का? कारण त्या चार गाई माणसाचे धान्य खात नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले की जगभरची गुरे-कोंबड्या जे खातात त्यातला ८६ टक्के भाग माणसाच्या खाण्याचा नसतो: गवत, पेंढा, पेंड, कोंडा. तुमच्या वाडीत तो शंभर टक्क्यांच्या जवळ नेता येतो. वाडीने जे मागितले नाही असे प्रत्येक जादा जनावर मात्र फुकटचा मिथेन आहे. गोठ्यात आठ भाकड गुरे बांधून पर्यावरणाचे नाव घेणे, तो ढोंगीपणा होईल.

पेंढ्याबद्दल एक कामाची गोष्ट. भाताच्या पेंढ्यात प्रथिने तीन-चार टक्के, वर सिलिका भरपूर. नुसत्या पेंढ्यावर गाय उन्हाळ्यात खंगते आणि तसला चारा मिथेनही जास्त करतो. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडा, पाय देऊन दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका, एकवीस दिवसांनी उघडा. पिवळसर-तांबूस, मऊ पेंढा निघतो, प्रथिने दुपटीच्या आसपास जातात. उघडल्यावर तासभर पसरून अमोनिया उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका, आणि युरियाचे पाणी उघड्यावर ठेवू नका. ते पिऊन मेलेल्या दोन म्हशींचे शवविच्छेदन मी केले आहे.

घरातले बाकीचे उरलेले: फणसाची चारखंडे (साली), तांदळाचे धुवण, पेज, केळीचे खुंट, सगळे गुरांना. फक्त फणस एका वेळी पाटीभर ओतू नका, पोट आम्ल होऊन गाय आडवी होते. जूनमधले माझे अर्धे रात्रीचे फोन फणसाचेच असायचे. काजूची बोंडे मार्च-एप्रिलला झाडाखाली कुजतात, फळाच्या वजनातला मोठा भाग तोच. ती चिरून, कडक वाळवून ठेवली तर पावसाळ्यात आंबोणात थोडी थोडी चालतात. ताजी बोंडे खाऊन झिंगलेली गुरेही पाहिली आहेत.

तुमच्या जवळ साखरीनाट्याचे बंदर आहे. मासळीची डोकी, आतडी कोंबड्यांना चालतात, पण शिजवून आणि एकूण खाद्यात दहावा हिस्सा, त्याहून वर नको. खारवलेली मासळी तर नकोच, मिठाने कोंबड्या मरतात. मी एका वर्षी हात सैल सोडला तर अंड्यांना बांगड्याचा वास यायला लागला. आमच्या घरी कुणाची तक्रार नव्हती, पुण्याच्या सुनेने मात्र ऑम्लेट सोडले. वीसेक गावठी कोंबड्या आणि चार-सहा कोकण कन्याळ शेळ्या तुमच्या जागेत बसतात. शेळी आमच्या झाडांची वैरीण आहे, नवी काजूची रोपे असतील तर कुंपण आधी. पण लेंडीखत कोरडे, उचलायला हलके, आणि बोकडाला गिऱ्हाईक दारात येते.

बोकडावरून तो विषय निघतो जो गोठ्याच्या माहितीपत्रकांत नसतो. चार गाई म्हणजे दरवर्षी दोन-तीन वासरे, त्यातले निम्मे पाडे, म्हणजे नर. जोत नाही, त्यामुळे पाड्याला काम नाही. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. तो कायदा बरा की वाईट हे मी इथे बोलत नाही, पण वहीत धरा की जन्मलेला पाडा पंधरा वर्षे तुमचा पेंढा खाणार. लोक मग काय करतात ते हमरस्त्यावर रात्री गाडी चालवताना दिसतेच. माझा मार्ग: चारपैकी दोनच गाई एका वेळी गाभण ठेवतो आणि एक पाडा जोताला शिकवून खाचरात वापरतो. उपलब्ध असेल तिथे लिंगनिश्चित रेतमात्रा घ्या, दहातल्या नऊ पाड्या (माद्या) येतात.

आणि मेलेल्या गुराचे काय? चक्राचा हा शेवटचा सांधा. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ पासून मैल्याचे खत, मेलेल्या गुरांचे चामडे ही कामे अंगावर घेतली, तेव्हा लोक त्यांच्या हातचे पाणी घ्यायला कचरत. त्या काळी उरलेले काम गिधाडे करत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मेलेले ढोर सड्यावर टाकले की संध्याकाळपर्यंत हाडे राहायची. मग आम्ही डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायला लागलो. सूज, ताप, लंगडणे, सगळ्याला तेच. मीही शेकड्यांनी टोचली. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. कारण कळून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. तोवर सड्यावरचे आभाळ रिकामे झाले होते. म्हसळ्याकडे चिरगावला गिधाडे जपायचे काम झाले आहे, आमच्याकडे वीस वर्षांत एक दिसले नाही. तुमच्या गुराला वेदनाशामक द्यायची वेळ आली तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागा. मेलेले ढोर पाण्यापासून लांब, सहा-सात फूट खोल, चुना टाकून पुरा. दोन वर्षांनी त्या जागी माड लावा.

आता काकींच्या दोन गाई. विकू नका. तुम्हाला चार हव्यात, त्यातल्या दोन घरात आहेत, त्या तुमच्याच कातळावर वाढल्या आहेत आणि तिथल्या गोचिडांना सरावलेल्या आहेत. आणखी दोन बाजारातून आणू नका, पंचक्रोशीतच शोधा; आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधा. आणायची वेळ नोव्हेंबर, गवताची उडवी रचून झाल्यावर. त्याआधीच्या मे महिन्यात गायरीचे छप्पर. आणि नोकरीचा राजीनामा देण्याआधी एक पावसाळा काकींकडे सलग राहून बघा. त्या दोन गाई वर्षभर काय खातात, कुठली पऱ्यापलीकडे पळते, कुठली फणसाला सोकावलेली आहे, हे सगळे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना आता किती वाकता येते तेही विचारून घ्या, कारण पातेरा ओढणारा माणूस कोण, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही.